यजमानाची मर्जी आणि बाईचा हक्क

मुंबईत सुरू झालेला एक दावा १९२६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे निकालात निघाला. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘बाई नागूबाई विरुद्ध बाई मोंघीबाई’ या नावाने सापडतो. एका गृहस्थाने लग्नाशिवाय, पण शेवटपर्यंत सांभाळलेली नागूबाई त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या इस्टेटीतून अन्नवस्त्र मागत होती. मुंबईच्या उच्च न्यायालयाने तिचे म्हणणे फेटाळले होते. ती त्याच्या घरी, कुटुंबात राहत नव्हती. मग तिला ‘अवरुद्ध स्त्री’, म्हणजे जुन्या हिंदू कायद्याने पोटगीस पात्र ठरवलेली रखेली, कसे म्हणायचे, असा तिथला प्रश्न होता. प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. एकाच छपराखाली राहणे आवश्यक नाही. संबंध उघड होता, कायमचा होता आणि मृत्यूपर्यंत टिकला होता एवढे सिद्ध झाले तर तिला पोटगी मिळालीच पाहिजे, असे न्यायाधीशांनी ठरवले. वयाने मोठा, पैशाने भारी पुरुष आणि त्याच्या आश्रयाने राहणारी तरुण स्त्री हा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा बहुधा दोनच वाटांनी जाते. एक वाट ‘काय हा अनाचार’ म्हणत जाते, दुसरी ‘दोघे सज्ञान आहेत, तुम्हाला काय करायचे’ म्हणत. नागूबाईचा दावा तिसरा प्रश्न विचारतो, आणि मला तोच खरा वाटतो. मिळणारा पैसा हा घेणाऱ्याचा हक्क आहे की देणाऱ्याची मर्जी? अशा नात्याचे बरेवाईट या एका प्रश्नाच्या उत्तरावर जितके अवलंबून असते तितके वयातल्या अंतरावर किंवा लग्नाच्या असण्यानसण्यावरही नसते.

हा प्रश्न पारखायला मुंबईत गिरगावाइतकी चांगली जागा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याच्या देवळांशी बांधलेली कलावंतांची घराणी मुंबईत येऊ लागली आणि गिरगाव व त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत स्थिरावली. देवळात शेंसविधी होऊन देवाला वाहिलेली मुलगी लग्न करत नसे. गाणे शिकायची, बैठका करायची आणि बहुतेक वेळा एका ‘यजमाना’शी आयुष्यभर बांधलेली राहायची. गोव्यात हा यजमान जमीनदार किंवा देवस्थानाचा महाजन असे. मुंबईत त्याच्या जागी कापसाच्या, कापडाच्या, सराफीच्या पैशावर मोठा झालेला शेठ आला. तो बहुधा विवाहित, वयाने बराच मोठा. त्याने घरभाडे द्यायचे, उस्तादाची बिदागी द्यायची, दागिने करायचे, मुलांचे शिक्षण पाहायचे. बाईने दुसऱ्या कोणाशी संबंध ठेवायचा नाही. हा सारा व्यवहार अलिखित असला तरी गुप्त नव्हता. शेठच्या घरी तो ठाऊक असे, गल्लीला ठाऊक असे, आणि न पाळणाऱ्याला बोल लावायला चार माणसे असत. या आश्रयाच्या जोरावर हिंदुस्थानी संगीताचा केवढा भाग उभा राहिला हे वेगळे सांगायला नको. अंजनीबाई मालपेकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या नावांतली गावे गोव्याची आहेत, पण ज्या शहराने त्यांना ऐकले ते मुंबई. उस्तादाला वर्षानुवर्षे बांधून ठेवायला लागणारा पैसा त्या काळी शिकणाऱ्या बाईकडे नसे. तो दुसऱ्या कोणीतरी घालावा लागे.

म्हणून ही व्यवस्था न्याय्य होती असे कोणी म्हणू लागले तर थांबायला हवे. जुन्या हिंदू कायद्याने अवरुद्ध स्त्रीला दिलेला हक्क नीट वाचला की त्याची धार बाईच्याच अंगावर येते. मिताक्षरेपासून चालत आलेला हा हक्क पुरुषाच्या मृत्यूनंतर उभा राहत असे, त्याच्या हयातीत नाही. जिवंतपणी तो तिला वाटेल त्या दिवशी सोडू शकत होता आणि त्याबद्दल एक पैही देणे लागत नव्हता. मेल्यानंतर त्याच्या वारसांनी तिला पोसायचे, तेही ती त्याच्या पश्चात एकनिष्ठ राहिली तर. म्हणजे एकोणीस वर्षे साथ दिलेल्या बाईला यजमानाने विसाव्या वर्षी घालवले असते तर ती रिकाम्या हाताने गेली असती. मर्जी सांभाळण्याचे ओझे अशा रीतीने जन्मभर तिच्यावरच राहिले. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. माणूस गेल्यावर त्याच्या संपत्तीवर त्या नात्याची जबाबदारी पडते, हे तत्त्व त्या कायद्याने मानले होते. १९४५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ते आणखी ताणले आणि नवरा हयात असलेल्या स्त्रीलाही अवरुद्ध स्त्री म्हणून पोटगी मिळू शकते असे म्हटले. न्यायाधीशांना तो संबंध पसंत नव्हता, पण नापसंतीचा दंड एकट्या बाईने का भरावा, याचे उत्तरही त्यांच्यापाशी नव्हते.

हक्क नसला आणि मर्जी असली की पैसा कसा वागतो याचे दोन नमुने याच शहरात आहेत. पहिला सौम्य आहे. मोगूबाई कुर्डीकरांना अल्लादियाखाँसाहेबांची तालीम सुरू झाली, पण खाँसाहेबांना पोसणाऱ्या श्रीमंतांच्या दबावामुळे ती मध्येच तुटली. काही वर्षे त्यांना दुसऱ्या उस्तादांकडे शिकावे लागले, आणि खाँसाहेबांकडे त्या पुन्हा गेल्या त्या बऱ्याच काळाने. येथे आश्रयावर जगणारी व्यक्ती खुद्द उस्ताद होती. जो पैसा देतो तो कोणाला शिकवायचे हेही सांगू लागतो, मग घेणारा साठीचा नामवंत गवई असला तरी. दुसरा नमुना रक्ताचा आहे. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या आश्रयाला असलेली मुमताज तिथून निसटून मुंबईत आली आणि अब्दुल कादर बावला या धनिक तरुणाबरोबर राहू लागली. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर त्यांची मोटार अडवून बावलाला गोळ्या घातल्या गेल्या आणि मुमताजच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार झाले. योगायोगाने तिथून जाणाऱ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून तिला वाचवले. मुंबई उच्च न्यायालयात खटला गाजला, आरोपींपैकी तिघांना फाशीची शिक्षा झाली, आणि चौकशीला तोंड देण्यापेक्षा तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली. या प्रकरणाकडे वर्तमानपत्रांनी प्रेमाचा त्रिकोण म्हणून पाहिले आणि सिनेमानेही. मला त्यात निघून जाण्याचा प्रश्न दिसतो. ज्या आश्रयातून बाहेर पडता येत नाही त्याला आश्रय म्हणायचे कशाला?

बाहेर पडता यायला स्वतःची कमाई लागते, आणि नेमक्या त्याच काळात गिरगावात ती कमाई तयार होत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रामोफोन आला. लक्ष्मीबागेसारख्या सभागृहांतून जलसे होऊ लागले. १९२७ च्या जुलैत मुंबईचे रेडिओ केंद्र सुरू झाले. गाण्याचे वर्ग निघाले, शिकवण्या मिळू लागल्या. शेठच्या दिवाणखान्याबाहेर पैसे देऊन ऐकणारा श्रोता मिळाला तसा यजमानाचा भाव उतरला. कलावंतीण हळूहळू गायिका झाली. हे काम नीतीच्या प्रवचनांनी झालेले नाही, मानधनाच्या पाकिटाने झालेले आहे. उलट प्रवचनाने काय केले ते पाहा. १९४६ मध्ये सरदार पटेलांकडे नभोवाणी खाते आले तेव्हा ज्यांचे खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशांना रेडिओवर गाऊ देऊ नये, असे धोरण ठरले. पटेलांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही, पण हा हुकूम उफराटा होता. आश्रयावाचून जगण्याचा जो दरवाजा उघडत होता तोच बायकांच्या तोंडावर लावला गेला. जे यजमान त्या लोकापवादाचे निम्मे भागीदार होते त्यांची कुठली गिरणी किंवा पेढी या कारणाने बंद पडली नाही.

येथे एक आक्षेप गंभीर आहे आणि तो बाहेरच्यांचा नाही, त्या समाजाचाच आहे. यजमानपद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांना कलावंत घराण्यांतल्या मुलांनी फार पूर्वीच उत्तर दिले. १९२० च्या दशकात राजाराम पैंगीणकरांसारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने गोमंतक मराठा समाजाची चळवळ उभी राहिली. गोव्यात आणि मुंबईत तिने शाळा, शिष्यवृत्त्या, लग्ने यांवर भर दिला आणि शेंसविधी बंद पाडला. पैंगीणकरांच्या आत्मचरित्राचे नावच ‘मी कोण?’ असे आहे; ज्या समाजात मुलाला बापाचे नाव मिळत नसे, त्यातल्या माणसाने दुसरे काय नाव ठेवायचे? मुंबई इलाख्यात १९३४ च्या देवदासी संरक्षण कायद्याने मुलगी देवाला वाहणे गुन्हा ठरवले आणि देवदासीच्या लग्नाला कायदेशीर मान्यता दिली. या चळवळीने हे नाते नाकारले, कारण त्यात निवड नव्हती: जन्माने बाईचा धंदा ठरायचा, वाढत्या वयाबरोबर तिची किंमत उतरायची, मुलाला बापाचा जमीनजुमला नाही आणि नावही नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो मारकही नाही. समाजाने जे मागितले ते हेच होते: मर्जीच्या जागी हक्क. लग्न हे त्यांच्यासाठी पावित्र्याचे प्रतीक असेल-नसेल, पण ते वारसाहक्काचे, आडनावाचे आणि पोटगीचे कागद होते.

‘मग लग्नात तरी काय वेगळे होते?’ असे कोणी विचारील. विचारावेच. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले ते लग्नाच्याच बाजारावर. पैसेवाला म्हातारा भुजंगनाथ, पैशाला हपापलेला बाप कांचनभट, आणि मधे कोवळी शारदा. अशी लग्ने महाराष्ट्रात सर्रास होत आणि समाज त्यांना जेवायला जाई. पण भुजंगनाथाची बायको झालेल्या मुलीला निदान विधवेचे अन्नवस्त्र मिळाले असते. तेच वय, तीच श्रीमंती आणि तोच सौदा असून विधी न झालेल्या मुलीला तेवढ्यासाठीही शेवटपर्यंत त्याची मर्जी राखावी लागली असती. यावरून लग्न थोर ठरत नाही. एवढेच दिसते की कायद्याचे छत्र ज्या नात्यावर आहे त्यात लुबाडलेली बाई पुरती उघड्यावर येत नाही. परळ-लालबागच्या गिरणगावात हेच उलट्या बाजूने दिसते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या शहरात हजार पुरुषांमागे सहाशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी स्त्रिया होत्या, आणि कोकणातून, घाटावरून आलेल्या पुरुषांच्या बायका गावी होत्या. मुंबईत जोडलेल्या बाईला पोसावे इतका पगार बहुतेक कामगारांकडे नव्हता. ती स्वतःच गिरणीत वायंडिंग-रीलिंगला जाई किंवा खाणावळ चालवी, कधी कधी त्यालाच उधारीवर जेवू घाली. लोक या जोड्यांना नावे ठेवत, पण तिथे मर्जी राखण्याची सक्ती कमी होती. गिरण्यांतून बायकांची संख्या घटत गेली तशी ही ताकदही घटली.

स्वातंत्र्याच्या आगेमागे कायदा बदलला आणि तो चांगल्यासाठी बदलला असेच आपण शिकतो. मुंबई इलाख्याने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर नेली. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याने मृताच्या संपत्तीवर अवलंबून असणाऱ्यांची यादी केली. तीत लग्नाबाहेरचा अज्ञान मुलगा आणि अविवाहित मुलगी आहे, अवरुद्ध स्त्री नाही. शेकडो वर्षांचा हक्क एका यादीतून गळला आणि फारसा कोणी हळहळला नाही. त्याच कायद्याच्या १८ व्या कलमात मात्र रखेलीचा उल्लेख शाबूत आहे: नवऱ्याने तिला त्याच घरात ठेवले किंवा तो तिच्याकडे राहू लागला तर पत्नीला वेगळे राहून पोटगी मागता येते. म्हणजे तक्रारीचे कारण म्हणून ती कायद्याला दिसते, माणूस म्हणून दिसत नाही. एकपत्नीत्वाचा आग्रह बरोबरच होता. पण त्याचा परिणाम असा झाला की नाते उरले, पुरुषाची ऐपत उरली, आणि त्याच्यावरची जबाबदारी तेवढी गेली.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने ‘विवाहासारखे नाते’ हा वर्ग आणला तेव्हा ही पोकळी भरेल असे वाटले. २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला कुंपण घातले. पुरुष जिला पैसे देऊन सांभाळतो आणि मुख्यतः शरीरसुखासाठी किंवा मोलकरीण म्हणून वापरतो अशा ‘ठेवलेल्या’ बाईचे नाते यात बसत नाही, असे निकालात लिहिले गेले. त्या शब्दावर तेव्हाच्या अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी न्यायालयातच हरकत घेतली. शब्दाहून मला आतले तर्कट अधिक खटकते. पैशाने सांभाळणे हेच कारण देऊन हक्क नाकारला जातो. म्हणजे ज्या गोष्टीमुळे बाई अवलंबून झाली तीच तिच्या विरुद्ध पुरावा ठरते. २०१३ च्या इंद्रा शर्मा खटल्यात पुरुष विवाहित आहे हे ठाऊक असून अनेक वर्षे त्याच्याबरोबर राहिलेल्या स्त्रीचा दावा फेटाळला गेला. मात्र अशा नात्यांत बहुधा स्त्री आणि मुलेच भरडली जातात हे न्यायालयाने मान्य केले आणि संसदेने यावर विचार करावा असे सुचवले.

आज लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आहेत, आणि ज्याला इंग्रजीत ‘शुगर डॅडी’ म्हणतात तो माणूस अ‍ॅपवर भेटतो. या क्षेत्रातले सर्वांत गाजलेले अमेरिकी संकेतस्थळ २००६ चे. गूगलने असल्या अ‍ॅपना आपल्या दुकानातून सप्टेंबर २०२१ पासून मज्जाव केला, तरी साध्या डेटिंग अ‍ॅपवर तोच व्यवहार वेगळ्या शब्दांत चालतो. जुन्या यजमानाशी तुलना केली तर एक फरक ठळक आहे: आता साक्षीदार नाहीत. गल्ली नाही, चार माणसे नाहीत, उभयतांची प्रतिष्ठा पणाला लागलेली नाही. अशा वेळी कागद काय म्हणतो हे तरुण जोडीदाराने समजून घेणे शहाणपणाचे. १८७२ च्या करार कायद्याच्या २३ व्या कलमाखाली अनैतिक हेतूचा करार रद्दबातल आहे, आणि त्याच्या उदाहरणांत रखेलपणाचा सौदा स्पष्ट दिला आहे. ‘दरमहा इतके देईन’ हे वचन म्हणूनच न्यायालयात टिकणे कठीण. याउलट एकदा दिलेली आणि स्वीकारलेली भेट सहसा परत मागता येत नाही. जागा असेल तर बक्षीसपत्र नोंदलेले हवे. गिरगावच्या जुन्या बायकांना हे कायद्याचे पुस्तक न उघडता माहीत होते. यजमानाने भाड्याच्या पैशांपेक्षा खोलीची भाडेपावती आपल्या नावावर करून द्यावी, ती नाही तर सोने द्यावे, असा त्यांचा हिशेब असे. मनोऱ्यातला अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर शेठच्या नावाने घेतलेला फ्लॅट दिसायला कितीही देखणा असो, चाळीतल्या त्या पावतीपेक्षा तो कच्चा आहे.

‘दोघे सज्ञान आहेत’ हा आक्षेप याच टप्प्यावर तोलून पाहावा. संमती खरी असू शकते. प्रत्येक तरुणीला फसलेली समजणे हा तिचा अपमान आहे. पण संमती सुरुवातीला दिली जाते आणि अवलंबन नंतर साचत जाते. शिक्षण अर्धवट राहते, नोकरीची वर्षे जातात, मित्र तुटतात, आणि तिशीत ‘नको’ म्हणण्याची किंमत विशीपेक्षा कितीतरी चढलेली असते. याला आफ्रिकेतून चांगला पुरावा मिळाला आहे, कारण तिथे मोठ्या वयाच्या पुरुषांशी असलेले संबंध हा एचआयव्हीचा मार्ग असल्याने त्याचा काटेकोर अभ्यास झाला. मलावीतल्या झोम्बा जिल्ह्यात शाळकरी मुलींना आणि त्यांच्या घरी दरमहा थोडी रोख रक्कम दिली गेली. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार दीड वर्षाने त्या मुलींत एचआयव्हीचे प्रमाण १.२ टक्के होते, पैसे न मिळालेल्यांत ३ टक्के. त्यांचे वयस्क जोडीदारही कमी झाले होते. केनियात वेगळा प्रयोग झाला. मुलींना संयमाचे धडे देण्याऐवजी कोणत्या वयाच्या पुरुषांत लागण किती आहे ही माहिती दिली, तर किशोरवयीन मुलींच्या गर्भारपणाचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले. संयमाच्या अधिकृत पाठाने काहीच घडले नव्हते. हातात थोडे स्वतःचे पैसे आणि खरी माहिती एवढ्यानेच मुलींची निवड बदलली. मग आधीच्या निवडीला मुक्त म्हणायचे की नाही, हे सज्ञानतेचा दाखला देणाऱ्यांनी सांगावे.

शेवटचा आक्षेप पत्नीच्या बाजूचा, आणि तो सर्वांत जड आहे. बाहेरच्या बाईला हक्क दिला तर तो घरच्या बाईच्या ताटातूनच जाईल. नागूबाईच्या दाव्यात समोर एक बाईच होती हे विसरता येत नाही. पण हक्क नसल्याने पत्नीचे ताट भरलेले राहते असेही नाही. हयातीत पुरुष हवे तितके बाहेर देतो, फक्त हिशेबाबाहेर देतो. पत्नीचा आणि मुलांचा वाटा आधी सुरक्षित करून उरलेल्यावर मर्यादित दावा ठेवता येतो. तो दावा हयातीतच, नाते तुटताच लागू व्हावा, मरणानंतर आणि निष्ठेच्या अटीवर नको. असा खर्च डोक्यावर आहे हे ठाऊक असेल तर किती शेठ हे नाते इतक्या सहज जोडतील, हाही प्रश्न आहे. आणि हे केवळ स्त्रियांपुरते नाही. वयाने मोठ्या, सधन पुरुषाबरोबर राहणारा तरुण पुरुष या शहरात आधीही होता. २०१८ मध्ये ३७७ व्या कलमाच्या निकालाने तो गुन्हेगार राहिला नाही. पण २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली गेल्याने त्याला पत्नीची पोटगी नाही, अवरुद्ध स्त्रीचा गेलेला हक्क तर कधी नव्हताच, आणि हिंसाचाराचा कायदा फक्त पीडित स्त्रीसाठी आहे. दहा वर्षे दुसऱ्याच्या घरात राहून, त्याचे आजारपण काढून, एके दिवशी किल्ली परत मागितली गेली तर त्याच्याजवळ नोंदलेल्या बक्षीसपत्राखेरीज किंवा मृत्युपत्राखेरीज दाखवायला काही नसते, आणि मृत्युपत्र तर करणारा मरेपर्यंत कधीही बदलू शकतो.